बराकीतली भांडी

आमचे शेजारी जगूकाका कुणाकडेही चहाला गेले की आधी कप उलटा करून बुडाखाली बघत. चहा ओतायच्या आधी बघत, एवढंच यजमानाचं नशीब.

त्याचं असं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत समुद्रावर नजर ठेवायला भुईगावच्या टोकाला मिलिटरीने बराकी बांधल्या होत्या. लढाई संपली, पलटण गेली, सामानाचा लिलाव झाला. खाटा, पत्रे, दारं, पातेली अशी सगळी बराक पंचक्रोशीत घरोघर पांगली. जागेवर उरला चौथरा आणि त्यावर बकऱ्या. काका या बराकीचा इतिहास लिहीत होते. म्हणजे गेली तीस वर्षं लिहिणार होते. मिलिटरीच्या भांड्यांच्या बुडावर नंबर ठोकलेला असे, म्हणून ते मला सुनावत, "मास्तर, चौथऱ्यावर काय बघतोस? इतिहास बुडाखाली असतो!"

सतरा नंबरच्या खाटेवर होळी गावात मिरच्या वाळत. साहेबांच्या खोलीचं दार पेद्रूमामाच्या डुकरांच्या खोपटाला लागलं होतं. 'परवानगीशिवाय आत येऊ नये' असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. काका तिथे खरोखर टकटक करत. पेद्रूमामा आतून ओरडे, "ये रे जगू, साहेब जेवायला बसलेत!" एका लग्नात मात्र काकांनी वरणाचं पातेलं कलतं केलं आणि आचाऱ्याने त्यांच्या हातावर डाव हाणला.

ऐंशी सालाच्या आसपास मी स्कूटर घेतली आणि रविवारी काका मागे बसू लागले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. भांडं तांब्याचं असलं की नंबर बघून झाल्यावरही ते काठावरून अंगठा फिरवत. विचारलं तर म्हणाले, "तू पुढे बघून गाडी चालव."

शेवटी काकींनी सांगितलं. "बराकीच्या जागेवर यांचंच घर नि केळीची वाडी होती. चार दिवसांत उठवलं. गाडी भरली आणि सासूबाईंचं माहेरचं तपेलं विहिरीवर राहिलं. दुसऱ्या दिवशी पहारेकरी आत सोडेना. मग लिलावात तेही गेलं. काठावर त्यांचं नाव आहे, मथुरा. मरेपर्यंत 'माझं तपेलं' करत होत्या. यांनी शब्द दिलाय, आणून देतो म्हणून."

मला स्वतःचीच लाज वाटली. मी वर्गात पोरांना काकांच्या नकला करून दाखवत असे.

पुढच्याच उन्हाळ्यात आम्ही कळंबला एका कोळ्याच्या अंगणात गेलो. चुलीवर तांब्याचं तपेलं उकळत होतं आणि म्हातारी पायांवर महिन्याभराची नात घेऊन तिला न्हाऊ घालत होती. काकांनी तापल्या काठावर अंगठा टेकवला. भाजला असणार, पण उचलेनात. मी वाकून पाहिलं. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, अर्धं झिजलेलं नाव होतं: मथुरा.

म्हातारी घाबरली. "मिलिटरीचं हाय का? न्याल का काय? तीन बालंतिनींचं पानी तापलं यात!"

काकांनी अंगठा काढून घेतला. "नाही आजी. तुमचंच आहे ते. पाणी तेवढं बेतानं गरम घाला, पोर लहान आहे."

परतताना मला वाटलं, काका रडत असतील, म्हणून मी मागे बघितलं नाही. भुईगाव जवळ आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मुलगी होती ना रे ती?"

"हो काका."

"आईलाही मुलगीच हवी होती," काका म्हणाले. "झालो मी."