चांद्याची घंटी

आमची मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांची वहिनी, रोज संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून ध्यानाला बसते आणि बैलाची घंटी वाजल्याशिवाय उठत नाही. गाव हसतं. मीही हसायचे.

तिचे यजमान, आमचे मोठे बाबा, गेले त्यानंतर ती एका जागी बसतच नव्हती. ताटावरून अर्ध्यात उठायची, झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. त्या वर्षांत आमच्या अंजनगाव सुर्जीकडच्या गावांत कर्ता शेतकरी असा अचानक गेलेली घरं वाढत चालली होती, म्हणून अकोल्याच्या जठारपेठेतले एक सर शाळेत ध्यानाचं शिबिर घ्यायला आले. फार मऊ बोलायचे. "श्वास येतोय, जातोय, आपण नुसतं पाहायचं," ते म्हणाले.

"तो काय जावई हाये का, त्याचं येनंजानं पाहाले?" मोठ्या आईनं विचारलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी आमच्या गावातल्या बाया एकत्र हसल्या असतील.

सरांकडे पितळेची छोटी घंटी होती. ती वाजली की डोळे उघडायचे. शिबिर संपलं, सरांसोबत घंटीही गेली, पण नियम मोठ्या आईच्या डोक्यात पक्का बसला. घरात घंटी एकच, आमच्या म्हाताऱ्या बैलाच्या, चांद्याच्या गळ्यात. मग चांद्या मान हलवेल तेव्हा ध्यान संपायचं. माशा जास्त असल्या की बसल्या बसल्या संपे. चांद्याला डुलकी लागली की घरात भाजी करपे.

मी अमरावतीला कॉलेजात शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. सुट्टीत आले की वाटायचं, हिला ध्यान नीट समजावून सांगावं. कारण ही डोळे मिटून सगळा कारभार चालवायची. "दूध उतू चाल्लं. कोन पोट्टं हाये बोरीवर? उतर." आणि कुणी काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "मी कामात हावो."

एकदा धीर करून मी म्हटलं, "मोठी आई, ध्यानात बोलायचं नसतं."

"तुह्या पुस्तकातल्या बाईले दूध तापवा लागत नसंन," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच.

ओट्यासमोरच्या पारावर गावातले म्हातारे बसतात. त्यांच्यापुढे घरच्या सुनेनं खुर्चीवर बसायची आमच्याकडे रीत नाही. "बुढी साधू झाली का रे?" एकानं तिला ऐकू जाईल असं विचारलं. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची ओट्याच्या अगदी कडेला, त्यांच्या नाकासमोर आली.

खरी लढाई चांद्यावरून होती. तो ना नांगराला चालत होता, ना गाडीला. बाबा म्हणायचे, "वयनी, कडबा कुठून आना? चांदूर बाजारले नेऊन इकून टाकू."

"मंग मले उठवंन कोन? तुमी?"

"घड्याळ लावा ना."

"घड्याळ मान हालवते का?"

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी बैलांच्या व्यापाऱ्याला घरीच बोलावलं, तेही नेमकं तिच्या ध्यानाच्या वेळी. त्यांचा विचार सोपा होता. घंटी वाजली नाही तर ती उठणार नाही. वेचणीचा कापूस घरात पडलाच होता. त्यातला मूठभर त्यांनी घंटीत कोंबला, दावं सोडलं आणि चांद्याला हळूच ओट्यापुढून काढलं. बाबा चवड्यांवर, व्यापारी चवड्यांवर, मधे एवढा मोठा चांद्या. मी दारात उभी होते.

"भाऊजी," मोठी आई डोळे न उघडता म्हणाली, "घंटीत काय कोंबलं ते काढा."

बाबा थिजले. "वयनी, तुमाले कसं समजलं?"

"चांद्या चालते अन् घंटी वाजत नाही? मी कामात हावो, मेली नाही."

पारावरचे म्हातारे खो खो हसले. या खेपेला बाबांना. व्यापारी आपल्या मोटरसायकलला किक मारून निघून गेला. बाबांनी खाली मान घालून कापूस काढला. चांद्यानं मान झटकली, घंटी वाजली, आणि मोठी आई रोजच्यासारखी उठून आत चहा मांडायला गेली.

मी मागोमाग गेले. "मोठी आई, एवढा हट्ट काहून?"

तिनं पातेल्यात साखर टाकली. "तुह्या मोठ्या बाबानं मले कधी नावानं हाक नाही मारली. लाजत. वावरातून आले की ही घंटी वाजे. मी हातातलं टाकून उठो अन् चहा मांडो."

तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"बसाले लागली तवापासून जेवन जाते. झोप लागते. सर चांगले होते बापा. पन ते म्हनत, मन रिकामं करा." चहा उकळून वर आला. तिनं जळतं लाकूड मागे ओढलं. "ते नाही करत मी. काहून करू?"