बुचांचा खुलासा

अमेरिकेत लग्नाच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये लग्नाची तालीम होते आणि तालमीनंतरचं जेवण मुलाकडच्यांनी द्यायचं असतं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे तो मोडण्याची सोय नाही. नेल्डा प्रुइट यांच्या एकुलत्या एका मुलाचं, गॅरेटचं, लग्न ठरलं होतं. मुलगी कॅलिफोर्नियाची, द्राक्षमळेवाल्यांची. तालमीच्या जेवणाची सजावट 'वाइन' या विषयावर असावी, असं तिने होणाऱ्या सासूबाईंना अदबीने कळवलं. टेनेसीतल्या ज्या गावात हे जेवण व्हायचं होतं तिथे दारूचं दुकान नव्हतं, दारू देणारं हॉटेल नव्हतं, आणि बॅप्टिस्ट चर्चच्या एकशे बारा कुटुंबांनी दारूला शिवणार नाही अशा प्रतिज्ञेवर सह्या केलेल्या होत्या.

नेल्डाबाईंची सही पंधराव्या वर्षाची. आता त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, आणि केकमध्ये व्हॅनिलाचा अर्क घालतानासुद्धा आधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत.

शंभर माणसं बसतील अशी जागा गावात एकच, चर्चचं सभागृह. सभागृह वापर समितीच्या अध्यक्ष मिस मॉडीन यांनी अर्ज तीनदा वाचला. (तिकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेली असली तरी, आदराने 'मिस' म्हणतात.)

"वाइन असणार?"

"नाही. नुसती तिची सजावट."

"म्हणजे मांडव आहे, नवरा नाही," मिस मॉडीन म्हणाल्या आणि तसा ठराव लिहून घेतला: वाइनची कल्पना मान्य, वाइन अमान्य, पेल्यांत द्राक्षाचा रस. जांभळे टेबलक्लॉथ मंजूर झाले, प्लास्टिकच्या द्राक्षांचे घोस मंजूर झाले, कोपऱ्यात ठेवायचं लाकडी पिंपही मंजूर झालं. पिंपाला लोणच्याचा वास येत होता, ही जमेची बाजू धरण्यात आली.

अडलं ते बुचांवर. सुनेला चारशे बुचं हवी होती. प्रत्येक पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी बुचाला चीर देऊन त्यात उभी करायची आणि उरलेल्यांचं भिंतीवर मोठं हृदय करायचं.

"गॅरेट, बाळा, नवी बुचं पोत्याने मिळतात म्हणे," नेल्डाबाई फोनवर म्हणाल्या.

"नवी नकोत, आई. डाग पडलेलीच हवीत. नवी खोटी दिसतात, म्हणते."

"मग खरी कुठून आणू? आपल्या गावात?"

"विचारून तर बघ. आणि हो, तिचे आईवडील म्हणतायत, जेवण आम्हीच देतो हॉटेलात. तुला एकटीला झेपायचं नाही, असं त्यांना वाटतं."

शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं रोज चारशे मुलांना जेवू घातलेल्या विधवा बाईला हे शब्द लागले. रविवारी त्यांनी चर्चच्या दाराशी एक खोकं ठेवलं. पाच-सहा बुचं आली तरी देवाची कृपा, असा त्यांचा हिशेब होता.

बुधवारपर्यंत तीन खोकी भरली. बुचं अकराशे चाळीस निघाली.

समितीची तातडीची बैठक बसली. पाळक ब्रदर होलिस शांतताप्रिय होते. "कुणाची चूक काढायची नाही," ते म्हणाले, "नुसता खुलासा मागवायचा." नमुना क्रमांक सात तयार झाला: 'बूच घरात कसे आले?' लोकांनी मनापासून उत्तरं दिली. कुणाचं मेम्फिसच्या मामांनी विसरलेलं होतं, कुणाचं घराबरोबरच आलेलं होतं, कुणी मासे पकडायच्या गळाला बांधायला आणलं होतं. एकसष्ट घरांनी खोकला हे कारण दिलं होतं, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार. ते डॉक्टर आता हयात नव्हते. स्वतः ब्रदर होलिस यांनी दोनशे बुचं दिली होती. ती त्यांनी पाप्यांच्या हातून वेळोवेळी काढून घेतली होती, एकेक करून. समितीने सर्व खुलासे एकमताने स्वीकारले, कारण त्यांत समितीचेही होते.

मात्र एकशे बाराही खुलासे दाखल झाल्याशिवाय सभागृहाची किल्ली मिळणार नव्हती. दाखल झाले होते एकशे अकरा.

"मिस नेल्डा, तुमचा राहिलाय."

"माझ्या घरी बूच नाही."

"लाजू नका हो. सगळ्यांनी मन मोकळं केलंय."

"खरंच नाही."

"'नाही' असा रकानाच नाहीये फॉर्मवर." मिस मॉडीन यांनी आवाज खाली आणला. "आणि लोक काय म्हणतील? ज्या बाईच्या घरात एकसुद्धा सापडत नाही, ती लपवते तरी कुठे?"

संध्याकाळपर्यंत गावात कुजबुज पोचली. घरात आजारी माणूस असल्यावर आणतात तशा शेजारणी झाकलेली भांडी घेऊन आल्या, आणि जाताना कपाटांकडे बघत गेल्या.

शुक्रवारी जेवण. गुरुवारी सकाळी नेल्डाबाई चाळीस मैल गाडी चालवत पलीकडच्या काउंटीत, म्हणजे दारू मिळणाऱ्या जिल्ह्यात, गेल्या आणि लाल वाइनची एक बाटली घेऊन आल्या. बूच काढायचा स्क्रू त्यांच्याकडे कुठला? शेजारी मागितला, तर तीन घरांतून पाच आले. त्यांनी प्रार्थना केली, बाटली उघडली, सगळी वाइन सिंकमध्ये ओतली, आणि फॉर्मवर घडलं ते घडलं तसं लिहिलं.

समितीने ते दोनदा वाचलं.

"सगळी ओतली?" ब्रदर होलिस यांनी विचारलं.

"सगळी."

"थेंबभरही..."

"नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

"मिस नेल्डा," मिस मॉडीन म्हणाल्या, "एकशे अकरा खुलासे वाचले मी. हरणाने अंगणात आणून टाकलं, इथपर्यंत मानलं. पण हे कुणाला पटायचं?"

खुलासा अविश्वसनीय ठरवून फेटाळण्यात आला. तिकडे व्याही-विहीणबाईंचं विमान नॅशव्हिलला उतरलं होतं आणि त्यांनी हॉटेलात टेबलं धरून ठेवायला सांगितली होती.

"मग काय लिहू?"

"चार लोक लिहितात ते लिहा की."

त्रेचाळीस वर्षं जी बाई दारूला शिवली नाही, तिने 'मी प्यायले' असं लिहून दिल्याशिवाय तिच्या न पिण्याबद्दलचा संशय फिटणार नव्हता. नेल्डाबाईंनी मनातल्या मनात क्षमा मागितली आणि लिहिलं: खोकला. शाई वाळायच्या आत शिक्का पडला.

शुक्रवारी सभागृह ओळखू येत नव्हतं. टेबलाटेबलांवर नावं घेऊन बुचं उभी होती आणि भिंतीवरचं हृदय छताला टेकलं होतं. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकं खरं मी कुठेच पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. व्याही हात पाठीमागे बांधून बुचांवर छापलेली वाइनची नावं आणि वर्षं वाचत भिंतीच्या कडेने हिंडत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा आदर पावलागणिक वाढत होता. "तुमच्या गावाला वाइनची जाण फार मोठी आहे," ते ब्रदर होलिसना म्हणाले. ब्रदर होलिसनी नम्रपणे मान लववली.

नेल्डाबाई स्वागताचे चार शब्द बोलायला उभ्या राहिल्या. नजर भिंतीकडे गेली. भिंतीवरचं एक बूच त्यांचं होतं, आणि एकच.

"खोकला कसा आहे आता, मिस नेल्डा?" पुढच्या टेबलावरून मिस मॉडीन यांनी मायेने विचारलं.

अवघं सभागृह त्यांच्याकडे बघू लागलं. नेल्डाबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो किती सुखात दिसत होता. आणि त्या खोकल्या. छोटंसं, एका बुचापुरतं.

ब्रदर होलिस खोकले. मग समिती खोकली, मग टेबलामागून टेबल, सुटल्यासारखं. कॅलिफोर्नियाच्या मंडळींना ही इथली शुभेच्छा द्यायची रीत वाटली. त्यांनी द्राक्षाच्या रसाचे पेले उंचावले आणि तीही जमेल तशी खोकली.

नमुना क्रमांक सातच्या पुढच्या छपाईत समितीने कारणाच्या रकान्यात 'खोकला' हा शब्द छापूनच घेतला आहे. बऱ्याच प्रती शिल्लक आहेत. हे वाचताना आपल्याला मध्येच कुठे घसा खाकरावासा वाटला असेल, तर एक मागवून घ्यावी. फक्त सही करायची आहे.