मालनबाईंच्या स्टिअरिंगवरचा तिरका गणपती

"या पुण्यात डोळे असलेली माणसं पुष्कळ आहेत, भीमराव. बघणारा मी एकटा!"

हे वाक्य दिग्विजय टोकेकरांनी स्कूटर चालवताना, मान पूर्ण मागे वळवून, समोरून पीएमटीची बस येत असताना उच्चारलं. मागे बसलेल्या भीमराव ओव्हाळांनी डोळे मिटून घेतले. बस गेली. टोकेकर बोलतच होते. केसाएवढी गोष्ट आपल्या नजरेतून सुटत नाही, माणसाच्या चपलेवरून आपण त्याच्या मामाचं गाव सांगतो, परदेशात जन्मलो असतो तर एव्हाना आपला पुतळा उभा राहिला असता, वगैरे. हँडल डावीकडे आणि गाडी सरळ, अशी स्वारी बाणेर रस्त्याला लागली.

सदाशिव पेठेत टोकेकरांचा टायपिंगचा क्लास होता. घरोघरी कॉम्प्युटर आले, क्लास ओस पडला, तेव्हा त्यांनी त्याच खोलीवर नवी पाटी ठोकली: 'खासगी गुप्तहेर. बेल एकदाच वाजवा. कोण आलंय ते आम्ही ओळखू.' भीमराव हे त्यांचे सहायक. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ते स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यांना नंबर टाकले. तेव्हा राधाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हात जोडून विनवलं, "अहो, रोज कुठेतरी जात जा ना!" म्हणून ते इथे येऊ लागले.

आजची केस म्हाळुंग्याच्या मालनबाईंची होती. साठी ओलांडलेल्या, नवऱ्यामागे पेरूची बाग एकटीने सांभाळणाऱ्या. बागेच्या कुंपणापलीकडे आयटी कंपनीची सातमजली काचेची इमारत उभी राहिली होती, आणि कुंपणाच्या अलीकडे होता पेरूच्या दोन ओळींत बरोबर मावणारा, पंधरा वर्षांचा छोटा ट्रॅक्टर. तो मालनबाई स्वतः चालवायच्या. पण गेल्या वर्षी त्यांचा डावा खांदा आखडला आणि ते जड स्टिअरिंग काही केल्या वळेना. मुलगा सौरभ हिंजवडीत नोकरीला. तो म्हणाला, "आई, ट्रॅक्टर विक आणि फ्लॅटवर राहायला चल." मालनबाईंनी त्याऐवजी संपत मेकॅनिकला बोलावलं. त्याने पंप बसवला, तेलाच्या नळ्या टाकल्या आणि जुन्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग करून दिलं.

"एका बोटानं वळायला लागला बघा!" मालनबाई सांगत होत्या. "पंधरा वर्सांनी लहान झाल्यागत वाटलं. अन् पाचव्या दिवशी हे सुरू झालं."

'हे' म्हणजे गणपती. ट्रॅक्टर घरी आला त्याच दिवशी स्टिअरिंगच्या मधोमध त्यांनी पितळी गणपती बसवून घेतला होता. संध्याकाळी अंधार पडल्यावर चाकं सरळ करून ट्रॅक्टर लावायचा, ताडपत्री ओढायची. सकाळी ताडपत्री काढून गणपतीला हळद-कुंकू वाहायचं, हा नेम. आजवर चाकं सरळ म्हणजे गणपतीही सरळ. आता चाकं सरळच असायची, पण गणपती एकदा कुशीवर, एकदा चक्क शीर्षासनात!

"कुणा मानसाचा चावटपणा असंल तर धरून द्या," मालनबाई म्हणाल्या. "पण देवानंच तोंड फिरवलं असंल, त्याला ही फिटिंग पसंत नसंल, तर मी हट्ट करायची न्हाई. उद्या दहाला गिऱ्हाईक येतंय. देऊन टाकीन." एवढं बोलून त्यांनी ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून हात फिरवला. भीमरावांच्या मनात आलं, ही बाई फ्लॅटच्या चौथ्या मजल्यावर दिवसभर काय करणार?

टोकेकरांनी भिंग काढलं. तासाभरात त्यांनी रहस्य तीनदा उलगडलं.

पहिल्यांदा असं ठरलं, की कुणीतरी रात्री ट्रॅक्टर पळवतो आणि पहाटे आणून ठेवतो. मालनबाई म्हणाल्या, डिझेल तर थेंबभर कमी होत नाही. "तो घरून आणतो," टोकेकर म्हणाले.

मग संशय सौरभवर आला. ट्रॅक्टर विकला जावा म्हणून तोच पहाटे येऊन देव फिरवतो! शनिवारची सुट्टी असल्याने सौरभ आईकडेच आलेला होता. तो म्हणाला, "काका, मी अमेरिकेच्या टायमिंगला काम करतो. पहाटे पाचला मला माझं स्वतःचं तोंड फिरवता येत नाही."

तिसरा सिद्धांत सातमजली होता. काचेच्या इमारतीवरून ऊन परततं, पितळेवर पडतं, पितळ प्रसरण पावतं, आणि गणपती वळतो.

"मग मी बी वळाय पायजे," मालनबाई म्हणाल्या. "मी बी दिवसभर त्याच उन्हात हाय."

संपत मेकॅनिकलाही बोलावलं होतं. तो बिचारा सकाळपासून तोंड उघडायचा प्रयत्न करत होता. "साहेब, त्याचं काय हाय, आता मधी दांडा—"

"संशयितांनी मध्ये बोलायचं नाही!" टोकेकर गरजले. भीमरावांनी वहीत लिहिलं: 'संशयित दांडा म्हणाला.' ते स्टोअरकीपर होते. मिळेल ते नोंदवून ठेवायची त्यांना सवय होती.

शेवटी सापळा लावायचं ठरलं. अंधार पडल्यावर मालनबाईंनी काम आटोपून, चाकं सरळ करून ट्रॅक्टर लावला, ताडपत्री ओढली, आणि टोकेकरांनी भोवती रांगोळी पसरली. उंबरठ्यापुढे घालतात तशी बेताची नव्हे. चांगली पाच किलो.

सकाळी सगळे जमले. रांगोळीवर मुंगीचंही पाऊल नव्हतं. मालनबाईंनी ताडपत्री काढली. गणपती उजवीकडे कलंडलेला.

"गुन्हेगार उडतो," टोकेकर गंभीरपणे म्हणाले.

मालनबाईंनी मात्र हातातली ताडपत्री खाली टाकली. "मानूस न्हाई म्हंजे देवच," त्या पुटपुटल्या. "सौरभ, येऊ दे बाबा त्या गिऱ्हाइकाला."

आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. भीमरावांना टोकेकरांचा असा राग आला, की भिंग हिसकावून पेरूच्या ओळीत भिरकावून द्यावं.

तेवढ्यात इंदुबाई चहा घेऊन आल्या. बागेत खुरपणीला येणाऱ्या, ट्रॅक्टरमागून चालणाऱ्या. त्यांनी गणपतीकडे बघितलं आणि कप पुढे केले.

"त्यात रडायचं काय? त्यो तर दुपारीच वाकडा हुतोय. बाई ओळीच्या टोकाला वळवत्यात ना, तवा. थोडा थोडा."

"अगं मग बोलली का न्हाईस?" मालनबाई ओरडल्या. "माजं ध्यान समदं फांद्यांवर असतंय!"

"इचारलं कुनी? ह्या सायबांनी काल माज्या चपलेवरनं मामाचं गाव तेवढं सांगितलं, ते बी चुकीचं." इंदुबाईंनी हनुवटीने फाटकाकडे खूण केली. "अन् त्यांच्या स्कूटरचं न्हाई का? हँडल तिकडं, चाक हिकडं. तरी सरळच आली की."

सगळ्यांनी वळून स्कूटरकडे पाहिलं. टोकेकरांनीही पाहिलं, आणि खिशातलं भिंग चाचपलं.

ही संधी संपतने साधली. "तेच सांगत हुतो! आधी स्टिअरिंग अन् चाकाच्या मधी लोखंडी दांडे हुते. हे जेवढं फिरंल तेवढंच ते फिरायचं. आता मधी नुसतं तेल हाय, मालनबाई. वळताना ते जरा जरा निसटतं, मग चाकं सरळ असली तरी स्टिअरिंग कुठंबी थांबतं. असल्या समद्या फिटिंगचं असंच असतंय. बिघाड न्हाई न् कोप बी न्हाई."

"मग बसवलंस तवाच का न्हाई बोललास?"

"मला काय ठावं तुमी रोज पूजा करता? मला वाटलं, नक्षी हाय."

मालनबाई रडता रडता हसायला लागल्या. संपतने तिथल्या तिथे गणपती काढला आणि समोर, मीटरच्या वर, पक्का बसवला. "पंधरा वर्सं त्याला गरगर फिरवला मी," मालनबाई हात जोडून म्हणाल्या. "आता निवांत समोर बघ, बाबा."

दहाला गिऱ्हाईक जीपमधून उतरलं. मालनबाई ट्रॅक्टरवर चढल्या, आखडलेला हात मांडीवर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने जीपभोवती एक संपूर्ण गोल चक्कर मारून बरोबर त्याच्या पायाशी येऊन थांबल्या. मागे रांगोळीची वाट लागली होती.

"वा! फारच हलका!" गिऱ्हाईक खूश झालं. "मग काय ठरलं?"

"द्यायचा न्हाई ठरलं. च्या घ्या अन् जावा."

सौरभने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ताडपत्रीची घडी घालायला घेतली.

फाटकाशी टोकेकर गुडघ्यांवर बसून भिंगातून स्वतःचं हँडल तपासत होते.

"भीमराव, हे कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून. दांडेकर पुलाजवळ पडलो नव्हतो का आपण?"

"अशक्य. मला दिसलं असतं." टोकेकर उठले, चारी दिशांना बघून त्यांनी आवाज खाली आणला. "पेठेतलं कुणीतरी माझ्या मागावर आहे. बसा मागे. वाटेत सगळं समजावून सांगतो."

भीमराव बसले नाहीत. वही काखोटीला मारून ते ट्रॅक्टरपाशी गेले आणि अदबीने म्हणाले, "मालनबाई, बाणेर रस्त्यापर्यंत सोडता का?"

"बसा की," मालनबाई म्हणाल्या, आणि एका बोटाने फाटकाबाहेर वळल्या.