गाडीच्या कपाळावरची टिकली

"मेकॅनिक? मेकॅनिक कशाला? घरात मी जिवंत आहे ना अजून!"

शनिवारी सकाळी चहाचा कप हातात धरून अनंतनं ही घोषणा केली आणि जामबाग मोहल्ल्यातल्या त्या घरातल्या तिन्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आई सुशीलाबाई, बायको सरोज आणि लेक भामा. याआधी अनंतनं घरातला मिक्सर दुरुस्त केला होता. तेव्हापासून सरोज चटणी पाट्यावर वाटत होती.

प्रकरण होतं भामाच्या डर्ट बाइकचं. नोकरी लागल्यावर पोरीनं साडी घेतली नाही, सोनं घेतलं नाही, मातीत उड्या मारणारी जुनी गाडी घेतली! रविवारी शहराबाहेरच्या मैदानावर तिची पहिली शर्यत होती. उडीनंतर गाडी मागून फार हिसके द्यायची, म्हणून मागची स्प्रिंग तिच्या वजनाला जुळवून घ्यायची होती.

"नक्को बाबा," भामा म्हणाली, "कोठीच्या गॅरेजातले पाशाभाई चुटकीसरशी करून देतात."

"पाशाभाईला तुझं वजन काय माहीत? लहानपणी तुला खांद्यावर घेऊन कोण फिरलं? मी!"

खरं सांगायचं तर कुणालाच त्याला तोडून बोलायचं नव्हतं. कारण सोमवारी अनंत घर सोडून चालला होता. राज्याची वाटणी झाली, पाठोपाठ त्याच्या सरकारी ऑफिसचीही झाली, आणि दुसऱ्या राज्याकडे जाणाऱ्या फायली कुठल्या गठ्ठ्यात आहेत हे एकट्या अनंतला ठाऊक होतं. म्हणून फायलींबरोबर त्यालाही विजयवाड्याला पाठवत होते. सारा जन्म जामबागेत काढलेला माणूस! आपण गेल्यावर या घराचं काहीच अडणार नाही, या विचारानं तो आतून खचला होता. निदान एक काम असं करून जावं, की पोरीनं दर उडीला म्हणावं, हे माझ्या बाबांनी केलंय. एवढीच त्याची इच्छा होती.

रीत त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून पाठ केली होती. मागच्या चाकाच्या नटापासून वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत मोजायचं. आधी रिकामी गाडी, मग माणूस बसवून. फरक येईल तेवढी गाडी दबते. कमी दबली तर स्प्रिंग सैल करायची, जास्त दबली तर आवळायची.

आता खूण कशानं करायची? खडू पुसला जातो, पेन काळ्या मडगार्डवर उमटत नाही. अनंतनं आरशावर चिकटवलेली सरोजची लाल टिकली काढली आणि नटाच्या बरोबर वर, मडगार्डच्या कडेला लावली. स्वतःच्या अकलेवर तो इतका खूश झाला की टेप हातात घेऊन त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. मग रिकाम्या गाडीचं माप घेतलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. "कुठला गठ्ठा? अहो, निळ्या दोरीचा!" असं ओरडत तो आत गेला.

बाहेर आल्यावर त्यानं भामाला हेल्मेट-बुटांसकट गाडीवर बसवलं, सरोजला हँडल धरायला सांगितलं आणि टेप लावला. माप वाढलं होतं!

"अगं, तू बसल्यावर गाडी वर गेली!"

"असं कसं बाबा? मी काय फुगा आहे?"

"स्प्रिंग कडक आहे. माणसालाच वर ढकलते." अनंतनं पाना घेतला आणि स्प्रिंग सैल केली. पुन्हा मोजलं. अजून वरच! आणखी सैल केली. घामाघूम होऊन शेवटी स्प्रिंग होती नव्हती तेवढी सोडली, तेव्हा कुठे माप जरा मनासारखं आलं.

सरोज मान कलती करून म्हणाली, "अहो, ही मागून खाली बसल्यासारखी दिसायलीय."

"ती रेसिंग पोझिशन असते!"

रविवारी शिटी वाजली आणि गाड्या सुटल्या. पहिल्याच उंचवट्यावर बाकीच्या गाड्या हवेत गेल्या. भामाची गाडी थोडी उडाली, खाली आली आणि धप्पकन बसली. उठली, की पुढच्या उंचवट्यावर परत बसली! चाक मडगार्डला घासत होतं, भामाच्या पाठीवर चिखलाचं कारंजं उडत होतं. अनंत कठड्याला धरून पुटपुटत होता, "ऊठ गं बाई, ऊठ!"

भामा शेवटची आली. पण आली. डोळे सोडले तर सगळी चिखलाची होती. सुशीलाबाईंनी मात्र मनापासून टाळ्या वाजवल्या. "बाकीच्या झर्रकन गेल्या. आपलीच तेवढी नीट बघायला मिळाली!"

मग त्यांनी पदरानं मडगार्ड पुसला आणि कौतुकानं म्हणाल्या, "एवढ्या चिखलात टिकली हलली नाही बघ! मी मधोमध लावली होती ना. तू कडेला चिकटवलेली. गाडीच्या कपाळाला अशी वाकडी टिकली बरी दिसते का? तू फोनवर होतास, तेव्हा मीच वर सरकवली."

अनंत मातीतच खाली बसला. गाडी वर गेलीच नव्हती. टिकली गेली होती!

"भामे, चुकलं गं," तो म्हणाला. "तुझी पहिली शर्यत घालवली. उद्या पाशाभाईकडे ने."

भामानं हेल्मेट काढलं. "नक्को. तुम्ही बिघडवली, तुम्हीच ठीक करायची. शनिवारी या."

"अगं, विजयवाड्याहून?"

"बस असते ना! आणि स्प्रिंग एका खेपेत जुळत नसते. दर महिन्याला यावं लागेल. पाशाभाईला मी हातसुद्धा लावू देणार नाही."

अनंतच्या लक्षात आलं, काम नीट झालं असतं, तर ते तिथंच संपलं असतं. त्याला रडू आलं, पण चिखलाचं निमित्त करून त्यानं चेहरा पुसून घेतला.

सोमवारी गौलीगुड्याच्या बस स्टँडवर सुशीलाबाईंनी त्याच्या हातावर दही दिलं, कपाळाला कुंकू लावलं. मग एक पाऊल मागे सरल्या, डोळे बारीक केले आणि अंगठा पुढे केला.

"आई, हात लावू नकोस!" अनंत, सरोज आणि भामा एकदम ओरडले.

सुशीलाबाईंनी अंगठा मागे घेतला. बस हलली, तशा त्या खिडकीबरोबर चार पावलं चालल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "राहू दे बापडं. पण वाकडंच आहे हं!"