भीमाभाई, मुक्काम लातूर

खोली दाखवताना महानंदाकाकूंनी मला तीन गोष्टी बजावल्या. पाणी पहाटे येतं, तेव्हा बादल्या भरून ठेवायच्या. गच्चीवर वाळवण असलं तर चपला घालून जायचं नाही. आणि दिवेलागणीनंतर तासभर त्यांना हाक मारायची नाही, कारण त्या वेळात त्या लढाईवर असतात.

मी लातूरला रसायनशास्त्र शिकवायला नुकताच आलो होतो. क्लासेसच्या त्या भागात दर दुसऱ्या इमारतीत भावी डॉक्टर राहतात आणि मधल्या इमारतीत त्यांची मेस असते. काकूंकडे दोन्ही होतं. तळमजल्यावर मेस, वर मुलींचं होस्टेल आणि सगळ्यात वर, गच्चीला लागून माझी खोली. पन्नाशीच्या बाई, कपाळावर विभूती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. लढाई म्हणजे शेजाऱ्यांशी भिंतीवरून काही कोर्टकचेरी चालली असेल, असं मी समजलो आणि सहानुभूतीनं मान हलवली.

पहिल्याच संध्याकाळी खालून त्यांचा आवाज आला. "पळू नगो. आलास तसा ये. तुला आज उभा कापते." मागोमाग कुठल्यातरी जनावराची किंकाळी. मी जिना उतरून धावत गेलो. मेसमागच्या खोलीत काकू प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पदर खोचलेला, अंबाड्यावर हेडफोन, समोर खोक्याएवढा जुना कॉम्प्युटर आणि त्याचे स्पीकरही चालूच. पडद्यावर एक उघडाबंब पैलवान कुऱ्हाड घेऊन दोन डोक्यांच्या रेड्यावर तुटून पडला होता. तो पैलवान म्हणजे काकू.

खेळाचं नाव 'अग्निगड'. आपण एक पात्र घ्यायचं, त्याला घेऊन रानावनात फिरायचं, राक्षस मारायचे, शस्त्रं मिळवायची. आणि हे एकट्यानं नाही. इंटरनेटवरून ठिकठिकाणची माणसं आपापली पात्रं घेऊन त्याच रानात हिंडत असतात. काकूंच्या पैलवानाचं नाव भीमा. खेळात बाईचं पात्रही घेता येतं, मग गडी का घेतला, असं मी एकदा विचारलं.

"त्या बायांच्या अंगावर धड कपडे नव्हते ना," काकू म्हणाल्या. "डोंगरावर बर्फ पडून राहिला आन् ही बया अशी. सर्दी न्हाई का व्हायची?"

गडीही उघडाच आहे, हे मी दाखवून दिलं.

"त्याला चालतं. पैलवान हाय त्यो."

काकूंना हे वेड लागलं नांदेडला. त्यांचे यजमान शिवाप्पाकाका यांचं तिथं स्टेशनजवळ सायबर कॅफे होतं. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं यायची, अग्निगड खेळायची आणि परीक्षा जवळ आली की गायब व्हायची. मग दुपारभर कॅफे रिकामं. गल्ल्यावर बसून बसून काकूंनी किती स्वेटर विणायचे? एका दुपारी त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं आणि भीमाला जन्माला घातलं. पुढे घरोघरी मोबाइलवर इंटरनेट आलं, कॅफे बंद पडलं. लातुरात क्लासेसची लाट आली होती, दोघं इकडे आले. मुलींच्या भाकऱ्या थापता थापता भीमा विसरला गेला.

बऱ्याच वर्षांनी होस्टेलच्या एका मुलीच्या मोबाइलवर काकूंना जाहिरात दिसली: जुना अग्निगड पुन्हा सुरू. काकांनी आठवण म्हणून ठेवलेला एक कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला गेला. पासवर्ड काकूंना पाठ होता, कारण तो त्यांचा गॅसचा ग्राहक क्रमांक होता. खेळ उघडला आणि भीमा जिथं सोडला होता तिथंच सापडला, एका दलदलीत, गुडघाभर चिखलात, हातात मशाल धरून.

"इतकी वर्षं बिचारा उभा," काकू मला सांगत होत्या. "कुणी बस म्हटलं न्हाई त्याला."

मी राहायला गेलो तेव्हा भीमा एकटाच लढत होता. पण अग्निगडातले मोठे दैत्य एकट्यादुकट्याला पडत नाहीत. त्यासाठी गिल्ड लागते. गिल्ड म्हणजे एकमेकांना धरून राहणाऱ्या खेळाडूंचा जत्था. मी हे काकूंना जत्था म्हणून समजावलं, पण त्यांना ते पटलं नाही. "भिशीच की ही," त्या म्हणाल्या. आणि कुठल्या भिशीत शिरावं याचा शोध सुरू झाला. इंग्रजीपुरता मी त्यांचा वकील.

पहिल्या गिल्डनं विचारलं, तुम्ही सेकंदाला किती नुकसान करता? म्हणजे कुऱ्हाडीचा मार किती, असं त्यांना विचारायचं होतं. मी शब्दशः सांगितलं. काकूंनी कडक चेहऱ्यानं उत्तर लिहायला लावलं की आम्ही आजवर कुणाचंही नुकसान केलेलं नाही, लातुरात कुणालाही विचारा. तिकडून उत्तर आलं नाही. दुसऱ्या गिल्डला रविवारी भरपूर वेळ देणारा माणूस हवा होता. रविवारी पालक भेटायला येतात, असं काकूंनी कळवलं. तेही बारगळलं. तिसऱ्या ठिकाणी एकानं भीमाला 'नूब' म्हटलं. मी सांगितलं की याचा अर्थ नवशिका. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत.

गिल्ड मिळाली ती त्याच दलदलीत. कुणीतरी तिघं एका मगरीच्या तावडीत सापडले होते. भीमा मधे घुसला, मार खाल्ला, पण मगर पाडली. त्यातल्या एकानं, ज्याच्या पात्राचं नाव तूफान होतं, पडद्यावर लिहिलं, "कायकू अकेले फिर रै मियाँ? आ जाओ हमारे साथ."

काकूंनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्याला इंग्लिशची गरज न्हाई. मी बघते."

तूफान म्हणजे हैदराबादचे युसुफभाई, लग्नाच्या पंगती उठवणारे केटरर. त्यांच्या गिल्डमध्ये पंधरावीस जण होते, पण बोलकी दोघंच: कोचीची एक नर्स, नाव बिजली, आणि नागपूरचा एक वकील, नाव यमदूत. सगळे हिंदीत लिहायचे, आपापल्या गावच्या. काकू बोलत नसत, नुसत्या टंकत. त्यामुळे भीमाभाई हा कुणी चाळिशीचा दणकट गडी असावा, असा सगळ्यांचा समज होता. काकूंनी तो मोडला नाही. "विचारलं तर सांगू. कुणी विचारून न्हाई राहिलं."

लगीनसराईत युसुफभाईंना बिर्याणीच्या देगांतून डोकं वर काढायला फुरसत नसे. त्यांनी गिल्ड भीमाभाईंच्या ताब्यात दिली. आणि मग त्या गिल्डला होस्टेलची शिस्त लागली. वेळेवर यायचं. जायचं असेल तर सांगून जायचं. लढाईतल्या जखमा भरायला औषधाच्या बाटल्या किती लागतील हे काकू पिठल्याच्या अंदाजानं काढत, आणि त्या कधी कमी पडल्या नाहीत. सगळ्यात मोठा नियम, उपाशीपोटी लढायचं नाही. एकदा सगळं सैन्य अग्निराक्षसाच्या दारात उभं होतं. भीमानं एकेकाला विचारलं, जेवलात का? वकीलसाहेब जेवले नव्हते. भीमानं कुऱ्हाड पाठीला लावली आणि खाली बसला. नागपुरात वकिलांनी खिचडी लावली, शिजवली, खाल्ली, भांडं घासलं. तोवर राक्षस आत आणि सैन्य बाहेर, ताटकळत. वकिलांनी बराच युक्तिवाद केला, पण चालला नाही.

होस्टेलच्या मुलींना या सगळ्याची सवय झाली होती. पालकांना नव्हती. निलंग्याकडचे एक गृहस्थ मुलीला लाडू द्यायला नेमके लढाईच्या वेळी आले. आतून काकूंचा आवाज, "मागून घाल. पायात घाल त्याच्या. मरू दे त्याला." गृहस्थांनी लाडवांचा डबा छातीशी धरला आणि पायरीवर मेथी निवडत बसलेल्या काकांना हळूच विचारलं, चोर शिरलाय का?

"न्हाई," काका मान वर न करता म्हणाले. "दैत्य हाय. बसा, च्या घ्या."

काकांचा या प्रकरणात एवढाच सहभाग. ते खेळाला नावं ठेवत नसत, पण लढाई चालू असताना त्या खोलीचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. भाजी निवडायची, वाढपाकडे बघायचं, आलागेला सांभाळायचा.

मग गिल्डनं एक मोठी मोहीम जिंकली आणि बक्षीस म्हणून अग्निगडात त्यांना जमीन मिळाली. तिथं हवी तशी वस्ती बांधायची. बाकीच्या गिल्डांनी किल्ले बांधले, बुरूज उभारले. आमच्याकडे बांधकाम काकूंनी अंगावर घेतलं. रोज थोडं थोडं करून त्यांनी एक गाव उठवलं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, बोळासारख्या गल्ल्या, दोन घरं मधेच पुढं आलेली, एक विहीर अशा ठिकाणी की प्रत्येकाला वळसा घालावा लागे. महादेवाचं देऊळ एका टोकाला, दर्गा त्याच्या जवळच. प्रत्येकाला एकेक घर दिलं. कुठलं ते काकूंनी ठरवलं, आणि बदलून मागणाऱ्याला बदलून दिलं नाही.

भांडण यमदूतानं काढलं. दुसऱ्या गिल्डनं हल्ला केला, तेव्हा आमचं निम्मं सैन्य विहिरीपाशी एकमेकांना अडकून पडलं आणि अर्धं गाव लुटलं गेलं. वकिलांनी रीतसर मुद्दे मांडले: गल्ल्या सरळ करा, विहीर बुजवा, चौकोनी तटबंदी घाला. बऱ्याच जणांना ते पटलं. युसुफभाईंनाही पटलं, असं दिसलं. मत घ्यायचं ठरलं.

त्या संध्याकाळी काकूंनी मला खाली बोलावून घेतलं. म्हणाल्या, बोलायचं बटण कुठं असतं ते दाखवा. मी माइक चालू करून दिला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून टेबलावर ठेवला, घसा साफ केला आणि अग्निगडात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मैं भीमा बोल रई," त्या म्हणाल्या.

काकू पुढं बोलत गेल्या, हिंदी संपली की मराठीत, मराठीतून परत हिंदीत. हे गाव त्यांचं माहेर होतं. किल्लारीच्या बाजूचं. लग्न होऊन त्या नांदेडला गेल्या आणि पुढं भूकंपात सगळं गाव गेलं. त्यांचे आईवडील गेले. वाचलेल्यांना सरकारनं दुसरीकडे नवं गाव बांधून दिलं. चांगलं दिलं, काकूंची तक्रार नव्हती. रुंद रस्ते, ओळीनं घरं, पुन्हा धरणी हलली तरी माणूस वाचेल अशी. पण त्या जुन्या गल्ल्यांचा एक फोटो कुणाकडे नव्हता. आणि अलीकडे त्यांना धास्ती वाटू लागली होती, की कुणाचं दार कुठल्या बाजूला होतं ते आपणही विसरून चाललो. ते ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून इथं ठेवलं.

"मत लेना है तो लेव," त्या शेवटी म्हणाल्या. "मेरे को पैले बोलना था. नहीं बोली."

मग युसुफभाईंचा आवाज आला. तोही मी पहिल्यांदाच ऐकला. जाड, बसका आवाज.

"बाजी, मैं जिस घर में रैता, वो किसका है?"

"चाँद दर्जी का," काकू म्हणाल्या. "मेरी सब फ्रॉकाँ वोइच सिया."

बिजलीनं विचारलं, तिचं? ते गुरवाच्या सोनीचं. काकूंच्या वर्गातली, लई हसायची. मग एकेक जण विचारू लागला. जे कधी चार शब्द लिहीत नसत, तेही बोलले. काकू प्रत्येकाला सांगत होत्या: हे कासाराचं, हे मास्तरांचं, ह्या घरात एक म्हातारी एकटी असायची आणि तिची कोंबडी गावभर फिरायची. त्या कुठं अडखळल्या नाहीत. सगळ्यात शेवटी यमदूतानं विचारलं, अगदी हळू आवाजात, त्याला दिलेलं घर कुणाचं.

"मेरे बाप का," काकू म्हणाल्या. "वो भी ऐसाच बहस करता था."

मताचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. एकेक करत सगळे निरोप घेऊन गेले. भीमा गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. काकूंनी हेडफोन काढून ठेवला, पण खुर्चीवरून उठल्या नाहीत. मीही निघावं की थांबावं या घोटाळ्यात तसाच उभा होतो. तेवढ्यात मागं हालचाल झाली म्हणून वळून पाहिलं, तर शिवाप्पाकाका उंबऱ्याच्या आत आले होते. हातात मेथीची जुडी. ते किती वेळापासून ऐकत होते कोण जाणे. त्यांनी चष्मा लावला, पुढं झाले आणि पडद्याला नाक लागेल इतके वाकून त्या गल्लीकडे बघत राहिले.

"चांदभाईच्या दारात दोन पायऱ्या होत्या," ते म्हणाले. "तू एकच घातलीस."

"एकच होती," काकू म्हणाल्या.

"दोन. वरातीत माझा पाय तिथंच मुडपला. खालची दिसली न्हाई म्हणून तर मुडपला."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पायानं कोपऱ्यातलं स्टूल पुढं ओढलं आणि त्यांच्या हातातली जुडी काढून घेतली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आन् आणखी काय काय आठवतंय ते सांगा."