कुमुदिनीचे बेचाळीस बूट

एका जंगलात एक कॉलेज होतं.

हसू नका. जंगलात कॉलेज नसतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? चार झाडं तोडून जागा झाली की तिथे कॉलेज निघतं. आणि ए, मागच्या रांगेतल्या, आधी नाकातलं बोट काढ. मग गोष्ट पुढे जाईल.

हां. तर त्या कॉलेजात त्या वर्षी कॉम्प्युटरची पदवी सुरू झाली. झालं! सगळं जंगल वेडं झालं. हरणं म्हणू लागली, पोराला कॉम्प्युटरला घाला. रानडुकरं म्हणाली, आमच्याला पण कॉम्प्युटरलाच घाला, चिखलात आता काय ठेवलंय! कॉम्प्युटर कशाशी खातात हे एकालाही माहीत नव्हतं. पण प्रवेशाची रांग ओढ्यापर्यंत गेली होती.

त्या ओढ्याकाठी एका दगडाखाली गोमींची वस्ती होती. एकवीस घरं. तिथे कुमुदिनी नावाची एक गोम राहायची. पूर्ण नाव कुमुदिनी बेचाळीसपाये. आडनाव उगाच नव्हतं. मोजून बेचाळीस पाय होते तिला.

कुमुदिनीला एकच दुःख होतं. चालताना तिचे पाय एकमेकांत अडकायचे. सतराव्या पायाची पाळी असली की अठरावा मध्येच उठायचा आणि बाईसाहेब आडव्या! वस्तीतल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. एक दिवस सुतारपक्ष्याने तिला सांगितलं, की कॉलेजात म्हणे एक मशीन आणलंय, ते एका वेळी हजार कामं करतं आणि एकदाही अडखळत नाही.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना.

"आई, मला त्या मशीनला हात लावायचाय. त्याला हे कसं जमतं ते शिकायचंय."

"लाव बाई," आई म्हणाली. "आणि हाताला कसं लागतं ते मला येऊन सांग हो."

आता ऐका पुढे. कॉलेजच्या माहितीपुस्तकात नियम होता: 'प्रत्येक विद्यार्थ्यास काळे, नाडीचे बूट सक्तीचे आहेत. प्रत्येक पायास एक.' म्हणजे रानकोंबडीला दोन, हरणाला चार आणि कुमुदिनीला बेचाळीस. आई मटकन खाली बसली. पण वस्ती मायेची होती. एकवीस घरांनी एकेक जोड दिला. कोणाचा ढगळ, कोणाचा आखूड. एक जोड तर शेजारच्या आजोबांच्या लग्नातला होता. पहिल्या दिवशी कुमुदिनी टकटक टकटक करत निघाली, तेव्हा सगळी वस्ती दगडाबाहेर येऊन उभी होती. आई रडत होती आणि मध्येच हसत होती.

कुमुदिनी प्रयोगशाळेच्या दाराशी पोचली. दारावर पाटी होती: 'पादत्राणे बाहेर काढावीत. मशीनला धूळ चालत नाही.'

पाटीखाली स्टुलावर घोरपडेमामा बसले होते. जातीने घोरपड, कामाने प्रयोगशाळेचे शिपाई. एकदा बसले की हलायचे नाहीत.

"मामा," कुमुदिनी म्हणाली, "मी बूट घरीच काढून आले तर?"

"फाटकावर अनवाणी सोडत नाहीत."

"मग व्हरांड्यात आधीच काढून ठेवते."

"व्हरांड्यात अनवाणी उभं राहायला बंदी आहे. बूट इथे दाराशीच काढायचे. तेही घंटा झाल्यावर."

"पण मामा, बेचाळीस आहेत हो!"

"मग? पाय मी लावले का तुला?"

घंटा झाली. पोरांनी बूट भिरकावले आणि सगळी आत घुसली. कुमुदिनी नाड्या सोडायला बसली. एका नाडीला निरगाठ बसली, दुसरी तुटली. बत्तिसावा बूट निघाला तेव्हा दार उघडलं आणि सगळी पोरं बाहेर आली. तास संपला होता. तिने ते बत्तीस बूट पुन्हा पायांत चढवले आणि ती घरी गेली.

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्याही आठवड्यात तेच.

तिच्या वर्गात मुंगसे नावाचा एक मुंगूस होता. मनाने बरा होता बिचारा. ती त्याला विचारायची, "आज काय शिकवलं रे आत?"

"रानगवेसरांनी फळ्यावर मशीनचं चित्र काढलं. आम्ही ते वहीत काढलं. पट्टी न वापरणाऱ्यांना सरांनी बाकावर उभं केलं."

"आणि खरं मशीन?"

"आहे की. कोपऱ्यात. त्याच्यावर फुलाफुलांचं कापड घातलंय."

"चालू करून दाखवलं?"

"वेडी आहेस का? धूळ बसेल ना!"

रानगवेसर म्हणजे विभागप्रमुख. चांगला आडवातिडवा रानगवा. ते स्वतः खुरांसकट आत जायचे, कारण पाटी त्यांनीच लावली होती. एका तासाला ते आतून गरजले आणि ते बाहेर कुमुदिनीलाही ऐकू आलं. "लक्षात ठेवा! वार्षिक परीक्षेत मशीनला ज्याचा हात लागणार नाही, त्याचं वर्ष गेलं! कापडावरून लागला तरी चालेल."

कुमुदिनी नाडी सोडायची थांबली. वर्ष गेलं तर वस्तीला काय सांगायचं? एकवीस घरांना काय तोंड दाखवायचं?

मग ती विचार करायला लागली. नाहीतरी बाहेर बसून दुसरं काय करणार? तिने ठरवलं, की प्रत्येक पायाला वेगळं शिकवत बसायचं नाही. एकाला नीट शिकवायचं आणि तेच बेचाळीस वेळा करायचं. सतराव्याचं झाल्याशिवाय अठराव्याने हलायचं नाही. काढलेला बूट आधीच्या बुटावर ठेवायचा आणि घालताना वरून उचलत जायचं, म्हणजे कोणता कुठे गेला हे शोधावं लागत नाही. थंडी पडेपर्यंत तिचं काम अर्ध्या तासावर आलं. पानगळ संपली तेव्हा ते दहा मिनिटांवर आलं होतं. आणि गंमत सांगू? चालताना तिचे पाय अडकणंही कधीच बंद झालं होतं. पण तिच्या ते लक्षातच आलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या दाराकडे होतं.

ज्या दिवशी ती दहा मिनिटांत अनवाणी होऊन उंबऱ्याशी उभी राहिली, त्या दिवशी मामा म्हणाले, "अरे वा, झालं पण? मग जरा एवढं बघ ना."

एवढं म्हणजे काय? तर वर्गाचे दोनशेच्या वर बूट. सगळे काळे, सगळे नाडीचे आणि सगळे एका ढिगात. तास सुटला की तिथे दर वेळी मारामारी व्हायची. एकदा तर एक हरीण रानडुकराचे बूट घालून घरी गेलं होतं आणि दोन घरांत बोलणं बंद झालं होतं.

"मी आत चाललेय मामा."

"जा की! कोणी अडवलंय? एवढे लावून जा."

तिने लावले. लहान नंबर डावीकडे, मोठा उजवीकडे, सगळी एक सरळ ओळ. शेवटचा बूट लागला आणि घंटा झाली. मग हे दर आठवड्याचंच झालं. नाही म्हणता येत नव्हतं तिला. तुमच्यापैकी कोणाचा असा स्वभाव असेल तर आजच्या आज टाकून द्या, मी सांगतो.

अशी परीक्षा आली.

दुसऱ्या जंगलातून डॉक्टर धनेश नावाचे परीक्षक आले. भलीमोठी चोच आणि पायांत नवेकोरे बूट. तेही काळेच. त्यांनी बूट काढून मामांकडे दिले, मामांनी सवयीने कुमुदिनीकडे दिले आणि तिने ते ओळीत नंबराच्या जागी ठेवले. मग एकेक विद्यार्थी आत जाऊ लागला. कुमुदिनीचं नाव यादीत सगळ्यांत शेवटी होतं. तिला आत कोणी पाहिलंच नव्हतं, म्हणून ते मागाहून पेन्सिलीने लिहिलं होतं. पण आज वेळच वेळ होता. तिने बेचाळीस बूट काढले, बेचाळीस पाय पुसले आणि ती उंबऱ्याशी उभी राहिली.

धनेशसर सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होते. "पुष्कळ वस्तूंतून एक वस्तू लवकर कशी शोधावी?"

आणि सगळे डोळे मिटून एकच उत्तर म्हणत होते. "वस्तू क्रमाने मांडाव्यात. मधली वस्तू पाहावी. हवी ती ज्या बाजूस नसेल ती निम्मी बाजू सोडून द्यावी. उरलेल्या निम्म्यात पुन्हा मधली पाहावी."

"शाब्बास. लाव हात."

मग कापडाला हात लावायचा आणि आतच बाकावर बसायचं, कारण परीक्षा संपेपर्यंत कोणाला बूट घालायची परवानगी नव्हती. असे एकोणसाठ झाले. आता फक्त कुमुदिनी राहिली होती.

तेवढ्यात धनेशसरांनी खिडकीतून उन्हाकडे पाहिलं आणि ते ओरडले, "अहो, माझा चारचा हत्ती!"

चारचा हत्ती म्हणजे त्यांच्या जंगलाकडे जाणारी शेवटची सवारी. तो चुकला की पुढचा थेट चार दिवसांनी. धनेशसर धावत दाराशी आले. "बूट! माझे बूट कुठायत?"

रानगवेसरही मागोमाग धावले. त्यांनी डाव्या टोकाचा पहिला बूट उचलला. "हा का? नाही. मग हा? हाही नाही. हा बघा बरं." सरांना घाम फुटला. तिकडे फाटकाशी हत्तीने पहिली आरोळी दिली.

मुंगसे कुमुदिनीच्या कानाशी आला. "कुमे, तू गप्प बस. बूट सापडला नाही तर धनेशसर जात नाहीत. हत्ती गेला की तुझी परीक्षा होते. तू फक्त गप्प बस, तुला शपथ आहे माझी."

कुमुदिनीला ते पटलं. तिने ओठ घट्ट मिटले. सर चाळिसाव्या बुटापर्यंत आले. धनेशसर रडकुंडीला आले होते. तिने मान वळवली. दहा आकडे मोजायचं ठरवलं. चारपर्यंत मोजलेही. पण तिला चांगलं माहीत होतं बूट कसा शोधायचा, आणि माहीत असून माहीत नसल्यासारखं उभं राहायचं कसं, ते तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

"ओळ मोडू नका सर," ती म्हणाली. "कितवा नंबर?"

"सहा!" धनेशसर किंचाळले.

ती ओळीच्या मधोमध गेली. तिथला बूट आठ नंबरचा होता. उजवीकडची सगळी ओळ तिने सोडून दिली. डावीकडच्या निम्म्यात पुन्हा मधला पाहिला. पुन्हा निम्मे सोडले. असं करत आठव्या खेपेला तिने नेमक्या बुटाला हात घातला आणि जोड पुढे केला.

"हे घ्या."

धनेशसर बूट चढवता चढवता म्हणाले, "कमाल आहे! दोनशे बुटांतून इतक्यात? कसं काय?"

"मधला बघायचा आणि नको ती बाजू सोडायची सर."

"हो का? चांगली युक्ती आहे हं," असं म्हणून त्यांनी नाडी बांधली.

"सर, माझी परीक्षा राहिलीय."

"तुझी? अगं, मग आधी नाही का बोलायचंस?"

"आता घ्या ना. एकच तर प्रश्न आहे."

धनेशसरांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं. "आता कशी घेणार? बूट घातले ना मी."

"मी काढते सर. मला पटकन येतात काढायला."

"आणि हत्ती?"

"मग इथेच विचारा. बाहेर."

"बाहेर कसली परीक्षा?" रानगवेसर मध्येच गरजले. "परीक्षा आतच व्हावी लागते. उगाच साहेबांना उशीर करू नकोस!"

हत्तीने दुसरी आरोळी दिली आणि धनेशसर पळत सुटले. रानगवेसरांनी कानामागची पेन्सिल काढून तिच्या नावापुढे लिहिलं, 'गैरहजर'. मग तेही चहाला गेले आणि पोरंही बूट घालून पांगली.

कुमुदिनी तिथेच उभी राहिली. अनवाणी. तिला रडू येत होतं आणि बेचाळीसपैकी एका पायालाही डोळे पुसायचं सुचत नव्हतं.

मग एक नवल झालं. घोरपडेमामा स्टुलावरून उठले.

"ये," ते म्हणाले. "आता कोणी नाही आत."

त्यांनी फुलाफुलांचं कापड बाजूला केलं. मशीन खरंच होतं. नवंकोरं, काचेसारखं लखलखीत. त्याची वायर गुंडाळलेली होती आणि तिला कारखान्यातून येताना बांधलेली सुतळी तशीच होती.

"मामा, हे एकदाही लावलं नाही?"

"नाही गं. भिंतीत भोकच नाही लावायला. पाटीचा खिळा ठोकायला सगळी माणसं लागली, भोक राहून गेलं."

कुमुदिनीने पुढचा एक पाय हळूच मशीनवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग बाहेर येऊन तिने बेचाळीस बूट घातले आणि ती घरी गेली. एकदाही न अडखळता.

आई दगडाबाहेरच उभी होती. "लावलास का गं हात? कसं लागतं?"

"गार लागतं आई," कुमुदिनी म्हणाली, आणि आईच्या कुशीत शिरून खूप रडली.

पुढे मुंगसे पदवीला पहिल्या नंबराने पास झाला. आता तो त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतो. चित्र फार सुबक काढतो म्हणतात. आणि कुमुदिनी? तिला रानगवेसरांनी स्वतः बोलावून घेतलं. "एवढी हुशार मुलगी वाया जाऊ देणार नाही आम्ही," ते म्हणाले. मामांच्या शेजारी तिच्यासाठी नवीन स्टूल आलं. त्यावर पाटी आहे: 'बूट विभाग'. दगडाखालच्या वस्तीत अजून सगळे अभिमानाने सांगतात, आमची कुमी कॉम्प्युटरला लागली.

तात्पर्य: बाळांनो, शिकायचं असेल तर वर्गाबाहेर राहावं आणि पास व्हायचं असेल तर बूट लवकर काढावेत. दोन्ही हवं असेल, तर जन्माला येतानाच पाय थोडे कमी घेऊन यावं.