अण्णांचा डावा हात

शेजारच्या अण्णांचा डावा हात मी परवापर्यंत दोन वर्षांत पाहिलेला नव्हता. हात धड आहे, पण कायम खिशात. "उघड्या मशीनला दोन हात लावले की करंट छातीतून जातो," असं ते सांगतात. असेल. पण चहाच्या कपातून कुठला करंट जातो?

अण्णा महाडच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचे. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, हे भंगारातला स्कोप घेऊन आमच्या गावी, तुडीलला आले. स्कोप म्हणजे टीव्हीचं गरीब भावंड. एवढासा पडदा आणि त्यावर एक हिरवी रेघ. पुरात सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तो बुडाला आणि रेघ गेली. गाव गाद्या वाळवत होतं, अण्णा स्कोप वाळवत होते.

त्यांचा मंत्र एकच: "आधी सप्लाय बघा, मग बाकीचं." पंप बंद पडो नाहीतर सरपंच भाषणात अडको, उत्तर तेच. मला चक्कर आली तेव्हाही म्हणाले, "आधी सप्लाय बघ गो शांते. जेवलीस का?" मी जेवले नव्हते, म्हणून जास्तच राग आला.

स्कोपच्या सप्लायला बारा व्होल्ट हवेत, येत होते सात. घरची वीज कितीही वरखाली झाली तरी ते बारा हलता कामा नयेत म्हणे. थेट वीज दिली तर मशीन जळेल, म्हणून मध्ये जुना तारेचा बल्ब लागतो. तसला घरात एकच होता, स्वयंपाकघरातला. तो काढला. सुमनकाकू दाराच्या उजेडात भाकऱ्या थापू लागल्या. त्यांना ऐकू येणं पार बंद झालेलं, कानातल्या मशीनचाही उपयोग नाही. बायको बहिरी आणि हा माणूस डबड्याची नाडी बघतोय! हे मनात. तोंडावर बोलायची माझी छाती नाही.

अण्णा आतली एकेक तार सोडवत. "जी सोडल्यावर बारा येतील, तीच चोर." परवा एक तार सोडली आणि भगभगणारा बल्ब मंदावला, म्हणजे चोर सापडला. त्या वाटेवरचा वीज साठवणारा मुगाएवढा कपॅसिटर खराब निघाला. तो बदलला आणि पडद्यावर रेघ उमटली.

"शांते, काकूला बाहेर आण गो! मी हाक मारून तिला कळायचं नाय."

मी काकूंना आणून पडद्यापुढे बसवलं. अण्णा त्यांच्या पाठीमागे उभे, उजव्या हातात स्कोपला जोडलेला जुना माईक. "पुराआधी रोज बसायचो आम्ही," ते मला म्हणाले, आणि माईक तोंडाशी धरला.

"सुमन."

रेघ थरारली. काकूंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ओरडू नका वो," त्या म्हणाल्या, "दिसतंय मला."

अण्णांचे डोळे भरले. उजव्या हातात माईक होता. मग डावा हात खिशातून बाहेर आला.